अब्बांचे तिकीट

टीव्हीवर क्रिकेटचा सामना सगळ्यांना सारखाच दिसतो. झोपडीतल्या टीव्हीवर चेंडू जिथे पडतो, तिथेच तो बंगल्यातल्या टीव्हीवरही पडतो. पण तोच सामना मैदानात बसून बघायचा म्हटला की सगळे सारखे राहत नाहीत. त्यातून वर्ल्ड कपची सेमीफायनल असेल तर विचारूच नका. २०२३ साली आम्ही तिघा भावंडांनी अब्बांसाठी वानखेडेवरच्या सेमीफायनलचे तिकीट मिळवण्याचा प्रयत्न केला. त्या दोन महिन्यांत जे पाहिले ते इथे लिहीत आहोत. ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. त्या दिवसांत अनेक घरे मोबाइल हातात धरून अशीच बसली होती.

आम्ही मूळचे चिपळूणकडचे. दोघे भाऊ आता मुंब्र्याला राहतो, बहीण पुण्याला सासरी असते. अब्बांनी उमेदीची वर्षे जहाजावर काढली. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांप्रमाणे आमच्या घरीही वडील म्हणजे वर्षातून दोन-तीन महिने दिसणारा माणूस. त्यामुळे क्रिकेट त्यांनी डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त पाहिले. रेडिओच्या खरखरीतून जेवढे ऐकू येईल तेवढे ऐकायचे आणि उरलेले मनाने पुरे करायचे. १९८७ चा वर्ल्ड कप आला तेव्हा ते योगायोगाने सुट्टीवर होते. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर भारत आणि इंग्लंड यांची सेमीफायनल होती. ते मित्राबरोबर सकाळीच चर्चगेटला गेले. तिकीट मिळाले नाही. दोघे बराच वेळ स्टेडियमच्या भिंतीबाहेर उभे राहिले आणि आतल्या ओरड्यावरून काय झाले असेल याचा अंदाज घेत राहिले. त्या दिवशी ग्रॅहम गूचने ११५ धावा केल्या आणि भारत ३५ धावांनी हरला. ही हकिगत अब्बा हसत हसत सांगतात. पण २०२३ चा वर्ल्ड कप भारतात होणार आणि एक सेमीफायनल वानखेडेवर होणार हे कळले तेव्हा ते अम्मीला म्हणाले, "या वेळी आतून बघायला मिळालं तर बरं." स्वतःसाठी काही मागणे हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांचे वय तेव्हा ७२ होते आणि गुडघे कुरकुरू लागले होते. पुढचा वर्ल्ड कप भारतात कधी येईल आणि तोवर जिने चढता येतील की नाही, हे कोणी सांगावे?

वानखेडे आणि तिकीट यांचे नातेही जुने आहे. या स्टेडियमचा जन्मच मुळी तिकिटांच्या भांडणातून झाला. त्याआधी मुंबईचे कसोटी सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. सामने भरवणाऱ्या तेव्हाच्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या वाट्याला किती जागा याव्यात, यावरून दोघांचे बिनसत गेले. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी आपले वेगळे स्टेडियम बांधायचे ठरवले आणि ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर ते उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. म्हणजे आपल्या वाट्याला पुरेशा जागा येत नाहीत म्हणून बांधलेले हे मैदान. पण त्यात सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला किती जागा, हा प्रश्न तसाच राहिला. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याच्या वेळी सुमारे ३३,००० आसनांपैकी जेमतेम ४,००० तिकिटे लोकांसाठी खुली असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत होत्या. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी, प्रायोजक आणि पाहुणे यांच्या वाट्याला गेली. ऑनलाइन विक्री सुरू होताच संकेतस्थळही कोलमडले होते.

२०२३ मध्ये हे सगळे सुधारले असेल, अशी आमची आशा होती. वर्ल्ड कपचे वेळापत्रक २७ जूनला, म्हणजे स्पर्धा सुरू व्हायच्या अवघे १०० दिवस आधी जाहीर झाले. ऑगस्टमध्ये त्यातल्या काही सामन्यांच्या तारखा बदलल्या. इंग्लंडमध्ये २०१९ चा वर्ल्ड कप झाला तेव्हा तिथल्या लोकांनी आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोडतीसाठी अर्ज भरले होते. आपल्याकडे १५ ऑगस्टला आयसीसीच्या संकेतस्थळावर नुसती नावनोंदणी सुरू झाली. आम्ही तिघांनी नावे नोंदवली. त्यानंतर टप्प्याटप्प्याने विक्री होणार होती. सेमीफायनल आणि फायनलची तिकिटे १५ सप्टेंबरला रात्री आठ वाजता निघणार होती. मात्र एका कार्ड कंपनीच्या ग्राहकांना ती एक दिवस आधी, १४ तारखेलाच घेता येणार होती. आमच्या घरात ज्या सहकारी बँकेची कार्डे आहेत, तिच्याकडे त्या कंपनीचे कार्ड नाही. म्हणजे रांग सुरू होण्याआधीच रांगेत दोन भाग झाले होते.

दुसरी अडचण वेगळीच होती. सप्टेंबरमध्ये सेमीफायनलचे तिकीट घेणारा कोणाचा सामना बघणार आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. भारत सेमीफायनलला पोहोचला तर तो मुंबईत खेळणार, पण समोर पाकिस्तान आले तर सामना कोलकात्याला, असे ठरलेले होते. "मुंबईचं तिकीट काढायचं आणि मॅच कोलकात्याला बघायची?" असे अम्मीने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते. तरीही घ्यायचे ठरले. अब्बांना वानखेडेवर बसायचे होते, खेळणारे कोणीही असोत.

१५ सप्टेंबरला शुक्रवार होता. संध्याकाळी सातपासून तयारी सुरू झाली. दोन मोबाइल मुंब्र्यात, एक लॅपटॉप पुण्यात. कार्डाचे आकडे कागदावर लिहून ठेवले. आठला पाच मिनिटे असताना आम्ही सगळे त्या पानावर थांबलो होतो. अशा बहुतेक व्यवस्थांमध्ये आधीपासून थांबलेल्यांना विक्री उघडताच चिठ्ठी टाकल्यासारखा क्रमांक दिला जातो आणि नंतर येणारे त्यांच्या मागे लागतात. आठ वाजले. पडद्यावर एक छोटा माणूस चालू लागला आणि खाली आले : आपण रांगेत आहात. पुण्याच्या लॅपटॉपचा क्रमांक सगळ्यांत चांगला निघाला, तोही लाखाच्या पुढे. ज्या मैदानात ३३,००० माणसे बसतात, त्याच्या रांगेत लाखाच्या पुढचा क्रमांक म्हणजे काय, हे दुसरीतल्या पोरालाही कळते. पण पान म्हणत होते, पान बंद करू नका, परत भरू नका, थांबा. म्हणून थांबलो.

नमाजीला एकेक जण आळीपाळीने उठलो. फोन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. जेवणेही तशीच झाली. अब्बा खुर्चीत बसून छोट्या माणसाकडे बघत होते. एकदा म्हणाले, "हा चालतोय, पण पोहोचत कुठेच नाही." साडेदहाच्या सुमारास आमचा क्रमांक आला, पान उघडले, आणि स्टेडियमचा नकाशा दिसला. सगळे स्टँड राखाडी. एकाही रंगावर बोट ठेवता येईना.

जुन्या काळी माणसे तिकिटासाठी रात्रभर खिडकीबाहेर झोपत असत. त्यात हाल होते, धक्काबुक्की होती, पोलिसांच्या काठ्याही होत्या. बायका-मुलींना आणि अब्बांसारख्या वयस्कांना ती रांग जमणारी नव्हती. त्या मानाने घरी बसून तिकीट काढता येणे ही मोठी सोय आहे, हे आम्ही मान्य करतो. पण त्या रांगेत पुढचा माणूस दिसायचा. मध्ये कोणी घुसला तर दिसायचे. खिडकी बंद झाली की ती बंद झाली हेही दिसायचे. इथे रांग दिसते, खिडकी दिसत नाही. पुढच्या लाखांत माणसे किती आणि एकाच माणसाचे दहा फोन किती, तिकिटे झपाझप उचलणारे संगणकाचे प्रोग्रॅम किती, हे कळायला मार्ग नाही. सगळ्यांत मुख्य म्हणजे त्या रात्री विक्रीला तिकिटे होती किती, हे आम्हाला कोणीच सांगितले नाही. ५,००० होती की १५,०००? आकडा आधी माहीत असता तर आम्ही नऊ वाजताच जेवून झोपलो असतो.

५ ऑक्टोबरला अहमदाबादला इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यात पहिला सामना झाला. सव्वा लाखाहून अधिक आसनांच्या त्या मैदानात खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी रिकाम्या दिसत होत्या. टीव्हीवर ते बघून आमची बहीण फोनवर म्हणाली, "त्या खुर्च्या विकायला कुठे होत्या, ते तरी सांगा कुणीतरी." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्याला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना होता. त्याच्या तिकिटांच्या काळ्या बाजारात माणसे पकडली गेली. रांगेत उभ्या असलेल्यांना तिकीट मिळत नव्हते, आणि गल्लीत उभ्या असलेल्यांकडे ते होते.

मग ९ नोव्हेंबर आला. सेमीफायनल आणि फायनलची शेवटची तिकिटे त्या रात्री आठ वाजता निघणार असे जाहीर झाले. त्याच दिवशी न्यूझीलंडने श्रीलंकेला हरवले आणि मुंबईत भारताशी गाठ त्यांचीच पडणार हे जवळजवळ पक्के झाले. कागदावर पाकिस्तानची आशा अजून शिल्लक होती, पण ती कागदावरच. आम्ही पुन्हा बसलो. या वेळी नशीब बरे होते. धाकट्याच्या फोनवर चाळीस मिनिटांत पान उघडले. नकाशात एक कोपरा हिरवा होता. दोन जागा निवडल्या, एक अब्बांची, एक त्यांना धरून नेणाऱ्याची. रक्कम आली, कार्डाचा आकडा घातला, आणि बँकेच्या ओटीपीची वाट बघू लागलो. वरच्या कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते. ओटीपी आला नाही. पुन्हा मागितला. तो आला तेव्हा पडद्यावर लिहिले होते : आपली वेळ संपली आहे. मागे गेलो तर कोपरा राखाडी झालेला.

अशा वेळी नेमके काय होते, ते आमच्या भाच्याने समजावले. आपण जागा निवडली की ती काही मिनिटे आपल्यासाठी अडवून ठेवतात. त्या वेळात पैसे पोहोचले नाहीत की ती सुटते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी पडद्यावर हिरवी होते. त्या क्षणी सगळ्या शहरातून एकाच वेळी पैसे भरले जात असतात, त्यामुळे संदेश रेंगाळतात. म्हणजे यात कोणाचाच गुन्हा नाही. ॲपवाले बँकेकडे बोट दाखवतात, बँक मोबाइल कंपनीकडे. तक्रार करायची तर ती कोणाकडे? आम्ही ॲपच्या मदत विभागाला लिहिले. ठरीव उत्तर आले, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

दुसऱ्या दिवसापासून दुसराच बाजार उघडला. व्हॉट्सॲपवर निरोप फिरू लागले. ओळखीतल्या एकाने २,५०० रुपयांचे तिकीट २५,००० ला आहे, दोन हवीत तर संध्याकाळपर्यंत सांगा, असे कळवले. मुंबईत त्या दिवसांत काळ्या बाजाराबद्दल अटकही झाली, आणि विकणारे कित्येक पटीने भाव मागत होते हे बातम्यांतून सगळ्यांना कळले. आमचे मन डळमळले, हे खरे आहे. ५०,००० रुपये ही आमच्या घरासाठी लहान रक्कम नाही, पण तिघांत वाटून घेतली तर जमली असती. एकाच माणसासाठी, एकदाच. आम्ही ठरवले की अब्बांना किंमत सांगायचीच नाही. तिकीट लागले म्हणायचे.

पण अब्बांना ते अम्मीकडून कळले. ते चिडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की त्या माणसाकडे ही तिकिटे आली कुठून. आम्ही म्हटले, माहीत नाही. मग म्हणाले, "बेटा, तुम्ही दोन रात्री रांगेत बसलात तेव्हा तुमच्या पुढचं कोणीतरी हे उचललं. आता तेच तुम्हाला विकतंय. उद्या दुसऱ्या कोणाच्या पोरांना विकेल. माल दाबून ठेवून भाव वाढवणाऱ्याला आपण बंदरात काय म्हणायचो? ते धान्य होतं, हे तिकीट आहे, एवढाच फरक." विषय तिथेच संपला. साठेबाजीबद्दल आपल्या दीनमध्ये काय सांगितले आहे, ते वाचकांना आम्ही सांगायला नको. पण अब्बांनी ते मसल्यासारखे मांडले नाही. आपल्यामुळे ही साखळी आणखी एक कडी लांब होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१५ नोव्हेंबरला दुपारी दोनपासून आमच्या मुंब्र्याच्या घरात वीस माणसे जमली. विराट कोहलीने पन्नासावे एकदिवसीय शतक केले, श्रेयस अय्यरनेही शतक केले. भारताचे ३९७ झाले. डॅरिल मिचेल १३४ धावा करून शेवटपर्यंत धाकधूक लावून गेला, पण मोहम्मद शमीने ५७ धावांत ७ बळी घेतले आणि भारत ७० धावांनी जिंकला. शमीने सातवा बळी घेतला तेव्हा अब्बा गुडघे विसरून उभे राहिले. सामना त्यांनी मनापासून पाहिला. तिकिटाचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

राग निवल्यावर आम्ही शांतपणे विचार केला. ३३,००० खुर्च्या आणि लाखो माणसे, तेव्हा बहुतेकांना तिकीट मिळणार नाही हे उघड आहे. त्याचे दुःख नाही. संलग्न क्लबांना तिकिटे देऊ नयेत, असेही आमचे म्हणणे नाही. आझाद मैदानावर आणि क्रॉस मैदानावर पोरांना नेट लावून देणारे, रोलर ओढणारे हे क्लब आहेत, म्हणून मुंबईचे क्रिकेट आहे. त्यांचा हक्क आहे. पण कोणाला किती, हे सांगायला काय हरकत आहे? क्लबांना इतकी, प्रायोजकांना इतकी, पाहुण्यांना इतकी, आणि लोकांसाठी इतकी, असा चार ओळींचा तक्ता विक्रीच्या आधी छापावा. रेशनच्या दुकानाबाहेरही साठ्याचा फलक लावावा लागतो. कोट्यवधींच्या उलाढालीच्या खेळाला तेवढेही जमू नये?

दुसरी गोष्ट सोडतीची. विम्बल्डनची तिकिटे सर्वसाधारण प्रेक्षकाला सोडतीने मिळतात. फुटबॉलच्या वर्ल्ड कपलाही सोडत असते. अर्ज भरायला काही दिवस दिलेले असतात. ज्याचे नाव निघाले त्याला कळते, ज्याचे नाही त्यालाही कळते. वेगवान इंटरनेट, दहा फोन, विशिष्ट कार्ड यांचा त्यात उपयोग नाही. आपल्याला सोडत नवीन नाही. हजला जायचे तर आपण हज कमिटीच्या कुर्‍ह्यात नाव घालतो. नाव नाही निघाले तर वाईट वाटते, पण कोणी फसवले असे वाटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतो. म्हाडाच्या घरांची सोडतही मुंबईकरांना पाठ आहे. मग क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांनाच आठच्या ठोक्याची शर्यत कशासाठी?

आणि वाचकांपैकी कोणी असे तिकीट काढायला बसणार असेल, तर दोन गोष्टी सांगतो. २०२३ च्या वर्ल्ड कपला ई-तिकीट नव्हतेच, ऑनलाइन घेतले तरी प्रवेशाला कागदी तिकीटच लागत होते. तरीही मोबाइलवर तिकिटाचा फोटो पाठवून पैसे मागणारे भेटत होते. तेव्हा प्रवेश कशाने मिळणार आहे, हे आयोजकांच्याच सूचनेत आधी वाचून घ्या, आणि पाठवलेल्या फोटोवर पैसे देऊ नका. दुसरे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना तिकीट हातात येईपर्यंत शब्द देऊ नका. त्यांची आशा आपल्यापेक्षा हळू विझते.

पुढच्या मार्चमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना वानखेडेवर आला, मुंबई आणि विदर्भ. प्रवेश मोफत. तिसरा दिवस १२ मार्चचा, त्याच दिवशी पहिला रोजा होता. अब्बांनी रोजा ठेवला होता, तरी म्हणाले, चला. सकाळची गर्दी ओसरल्यावर लोकलने सीएसएमटीला उतरलो, तिथून टॅक्सी केली. दारावर कोणी तिकीट विचारले नाही. सावलीतली खुर्ची मिळाली. त्या दिवशी १९ वर्षांच्या मुशीर खानने शतक पूर्ण केले. रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून शतक करणारा तो सर्वांत तरुण फलंदाज ठरला. आधी तो मान सचिन तेंडुलकरचा होता. ३२६ चेंडूंत १३६ धावा, सगळ्या धीराने केलेल्या. अब्बांनी गवताकडे, स्टँडकडे, पलीकडून जाणाऱ्या लोकलकडे भरपूर बघून घेतले. एकदा बाहेरच्या भिंतीकडे बोट करून १९८७ ला आपण कुठे उभे होतो ते दाखवले. चार वाजता आम्ही निघालो आणि इफ्तारला घरी पोहोचलो.

हा वर्ल्ड कप नव्हता, याची जाणीव त्यांना आहे आणि आम्हालाही. म्हणून पुढच्या वेळी वानखेडेवर मोठा सामना येईल तेव्हा आम्ही पुन्हा नावे नोंदवू. त्याआधी क्रिकेट मंडळाला आणि असोसिएशनला आम्ही एक पत्र पाठवले आहे. त्यात मागणे दोनच आहेत. लोकांसाठी तिकिटे किती, ते आधी सांगा, आणि सोडत काढा. खाली आम्हा तिघांच्या सह्या आहेत. चौथी सही अब्बांनी स्वतःहून केली.